गाडीचे गुडघे दुखू लागले तर...

काशीयात्रेच्या तयारीत औषधांपासून फराळापर्यंत सारे आठवणीने घेतले जाते. गाडीचे ऑइल आणि टायरची हवाही पाहिली जाते. विसरला जातो तो शॉकअप. तो थकला आहे हे ओळखायचे कसे, आणि बदलताना काय सांभाळायचे?

काशीच्या संकठा घाटापर्यंत मोटार जात नाही. मैदागिन किंवा बेनियाबागेच्या बाजूला कुठेतरी गाडी सोडायची आणि पुढे पायी निघायचे. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून गाय आली तर माणसानेच कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढून तिला वाट द्यावी. गल्ली उतरत गेली की संकटा देवीचे देऊळ आणि त्याखाली थेट गंगेत उतरणाऱ्या पायऱ्या. मराठी माणसाला हा भाग परका वाटत नाही. घाटाच्या एका अंगाला शिंद्यांचा घाट. दुसऱ्या अंगाला गंगामहाल घाट ओलांडला की नागपूरकर भोसल्यांचा घाट.

या पायऱ्या उतरताना बरोबरच्या वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांकडे सगळ्यांचे लक्ष असते. सून हात धरते, नातू काठी सांभाळतो, दर दहा पायऱ्यांनी विसावा होतो. पण ज्या गाडीने ही सारी मंडळी इथवर आणली, तिच्या गुडघ्यांची विचारपूस कोण करतो? पुण्याहून काशी साधारण चौदाशे ते दीड हजार किलोमीटर. जाऊन-येऊन तीन हजार. एवढ्या वाटेवरचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक गतिरोधक, पुलाचा प्रत्येक सांधा गाडीच्या चार चाकांनी सोसलेला असतो. चाकांनी सोसलेले आपल्यापर्यंत पोहोचू नये म्हणून मधे जो भाग झिजतो, तो म्हणजे सस्पेन्शन.

हे झिजणे केवळ गैरसोयीचे नाही. ते धोक्याचे आहे. आणि त्यातली अडचण अशी, की ते एका दिवसात होत नाही.

स्प्रिंग उचलते, शॉकअप आवरतो

बहुतेकांची समजूत अशी असते, की गाडीचे वजन शॉक ॲब्सॉर्बर पेलतो. तसे नाही. वजन पेलते ती स्प्रिंग. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग पसरते, उंचवट्यावर चढले की दबते, आणि धक्का स्वतःकडे घेते. पण स्प्रिंगचा स्वभाव झोपाळ्यासारखा. एकदा झोका दिला की ती हलतच राहते. झोपाळा थांबवायचा तर आपण पाय जमिनीला टेकवतो. गाडीत हे पाय टेकवण्याचे काम करतो तो शॉक ॲब्सॉर्बर, आपल्या गॅरेजातला ‘शॉकअप’. काशीच्या मिस्त्रीला विचाराल तर तो त्याला ‘शॉकर’ म्हणेल.

त्याची रचना साधी आहे. तेलाने भरलेली एक नळी. तिच्या आत बारीक छिद्रे आणि झडपा असलेला दट्ट्या. दट्ट्याला जोडलेली गुळगुळीत, चकचकीत दांडी. चाक वर-खाली झाले की दट्ट्या तेलातून सरकतो. तेलाला बारीक छिद्रांतून जावे लागते, त्यामुळे विरोध होतो आणि हेलकाव्याची शक्ती उष्णतेत बदलून विरून जाते. दांडी जिथून नळीत शिरते तिथे रबरी सील असते. ते तेल आत ठेवते आणि धूळ बाहेर. अलीकडच्या बऱ्याच शॉकअपमध्ये तेलाबरोबर नायट्रोजन वायूही भरतात, म्हणजे सततच्या घुसळणीने तेलाला फेस येत नाही. फेसाळलेले तेल विरोध करीत नाही.

जुन्या गाड्यांत स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असत. अँबेसेडरला पुढे पिळवटल्या जाणाऱ्या पोलादी दांड्या होत्या आणि मागे पाटे. प्रीमियर पद्मिनीला पुढे गुंडाळीची स्प्रिंग आणि मागे पाटेच. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, आणि तिच्या पुढच्या चाकांवर जी रचना होती ती पाहता पाहता आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची झाली. ती म्हणजे ‘स्ट्रट’. यात शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग असा एकच खांब असतो. खाली तो चाकाच्या आसाला बोल्टने जखडलेला, वर बॉनेटखाली रबरी माउंटिंगने गाडीच्या सांगाड्याला टांगलेला. स्टिअरिंग वळवले की हा खांबही वळतो, म्हणून वरच्या माउंटिंगमध्ये एक बेअरिंगही असते.

ही कल्पना अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन यांची. १९४० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये असताना त्यांनी ती विकसित केली. नंतर ते फोर्डमध्ये गेले, आणि १९५० च्या सुमारास फोर्डच्या युरोपातल्या मोटारींतून ती रस्त्यावर आली. जागा कमी लागते, भाग कमी लागतात, आणि पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या गाडीत आडवे इंजिन बसवायला जागा उरते. म्हणून ती इतकी रुजली. मात्र या सोयीची एक किंमत आहे. स्ट्रट नुसता हेलकावा आवरत नाही, तर चाक उभे कसे राहील हेही ठरवतो. तो बिघडला की गाडीचा आराम, ब्रेक, वळण आणि टायर या चारही गोष्टी एकदम बिघडतात.

सवय हाच खरा शत्रू

शॉकअप बनवणारे उत्पादक सांगतात, की साधारण रस्त्यावर दर किलोमीटरला तो हजारभर वेळा हलतो. म्हणजे ८० हजार किलोमीटरमध्ये आठ कोटी वेळा! याच सुमारास तो काळजीपूर्वक तपासावा, गरज असल्यास बदलावा, असा त्यांचा सल्ला असतो. आपल्या रस्त्यांवर, पाच माणसे आणि वर सामान घेऊन धावणाऱ्या गाडीत ही वेळ बरीच आधीही येऊ शकते. उलट गुळगुळीत रस्त्यावर हलक्या हाताने चालवलेली गाडी त्याहून पुढेही जाते. म्हणून नुसता किलोमीटरचा आकडा पाहून निकाल देऊ नये. तपासणीला पर्याय नाही.

टायर फुटला तर लगेच कळतो. बॅटरी संपली तर गाडी सुरूच होत नाही. शॉकअप मात्र थोडा थोडा थकत जातो, आणि रोज गाडी चालवणाऱ्याचे हातही त्याबरोबर थोडे थोडे सवयीचे होत जातात. वळणावर तो नकळत वेग कमी करतो, ब्रेक थोडा आधी दाबतो. आपली गाडी अशीच आहे, असे त्याला वाटू लागते. बिघाड पहिल्यांदा जाणवतो तो मागे बसलेल्यांना. मुलांना पूर्वी होत नव्हती ती मळमळ होऊ लागते. आजींची कंबर धरते. मागून आवाज येतो, “अहो, काहीतरी वाजतंय का?” आणि पुढून ठरलेले उत्तर जाते, “रस्ताच खराब आहे!”

रस्ता खराब असेलही. पण त्या रस्त्यावर चाक टेकलेले राहायला हवे. टायर जमिनीला चिकटून असेल तेवढाच ब्रेक लागतो आणि तेवढेच स्टिअरिंग चालते. थकलेला शॉकअप चाकाला आवरू शकत नाही. खडबडीत रस्त्यावर चाक चेंडूसारखे टपटप उडू लागते. ते हवेत असते त्या क्षणी कितीही जोरात ब्रेक दाबला तरी उपयोग शून्य. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. समोर अचानक ट्रॅक्टर-ट्रॉली आली तर एवढ्या अंतरात बरेच काही घडू शकते. नव्या गाड्यांत एबीएस असते, त्याचा लाभही चाक जमिनीवर असेल तरच मिळतो. यंत्रणा कितीही हुशार असली तरी हवेतल्या चाकाला ती थांबवू शकत नाही.

घरच्या घरी सहा परीक्षा

यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही. एखादा रविवार सकाळचा अर्धा तास पुरतो. गाडी सपाट जागी उभी करावी, टायरची हवा आधी बरोबर करून घ्यावी.

१. दाबून पाहा. प्रत्येक चाकाच्या वर, गाडीच्या कडेला दोन्ही हात ठेवून तीन-चार वेळा जोराने दाबा आणि सोडा. बॉनेटच्या मधोमध दाबू नका, पत्रा चेपेल. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीन हेलकावे घेत राहिली तर शॉकअप गेला. मात्र या परीक्षेत नापास म्हणजे नक्की नापास, पण पास म्हणजे नक्की पास असे नाही. थकत चाललेला शॉकअप हाताच्या दाबाला पुरा पडतो आणि ताशी ७० च्या वेगाला पुरा पडत नाही.

२. तेल शोधा. पुढचे चाक एका बाजूला पूर्ण वळवा आणि बॅटरीच्या प्रकाशात स्ट्रटची नळी पाहा. वरच्या भागावर धुळीचा किंचित ओलसर थर असेल तर घाबरू नका. पण तेलाचे ओघळ खालपर्यंत आले असतील आणि त्यावर चिखल जमला असेल, तर सील फाटले आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर आणखी एक गोष्ट आधी पाहा. ते तेल ब्रेकचे तर नाही ना? बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी तपासा. ती उतरली असेल तर गाडी तिथेच थांबवा, आणि शॉकअपचा विचार नंतर करा.

३. टायरवर हात फिरवा. गाडी बंद, हँडब्रेक लावलेला. टायरच्या नक्षीवरून तळहात सरकवा. थोड्या थोड्या अंतरावर खळगे आणि उंचवटे लागत असतील, तर चाक उडत उडत चालल्याची ती खूण असू शकते. चाकाचा बॅलन्स बिघडला तरी अशी झीज होते, म्हणून तोही तपासावा. टायर फक्त एका कडेला झिजला असेल तर अलाइनमेंट पाहावे. दोन्ही कडांना झिजला असेल तर हवा कमी आणि मधेच झिजला असेल तर हवा जास्त.

४. उंची मोजा. शिवणकामाची टेप घ्या. चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या पत्र्याच्या कमानीपर्यंतचे अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा. बोटभर फरक आला तर दोष बहुधा स्प्रिंगचा. ती बसली असेल किंवा तुटली असेल. शिंदे घाटाजवळचे रत्नेश्वर महादेवाचे देऊळ कललेले आहे म्हणून लोक मुद्दाम पाहायला जातात. गाडी कलली तर मात्र कौतुक करीत बसू नये.

५. ब्रेकवर नजर ठेवा. मोकळ्या रस्त्यावर ताशी २५-३० च्या वेगात, मागे कोणी नाही हे पाहून, ब्रेक जरा जोरात दाबा. गाडीचे नाक खूप खाली जाते का? थांबल्यावर ती पुढे-मागे डोलते का? गतिरोधक उतरल्यावर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उसळते का? रात्री हेडलाइटचा झोत रस्त्यावर सतत वर-खाली नाचतो का?

६. माउंटिंग ऐका. इंजिन बंद ठेवून बॉनेट उघडा. घरातल्या दुसऱ्या कोणाला स्टिअरिंग जागच्या जागी डावी-उजवीकडे वळवायला सांगा. ते जड लागेल, थोडे वळले तरी पुरे. तुम्ही स्ट्रटच्या वरच्या टोपीवर हलकेच बोटे ठेवा. हिसका बसत असेल किंवा स्प्रिंगमधून ‘टण्ण’ असा आवाज येत असेल, तर वरचे बेअरिंग अडकते आहे.

आवाज एक, कारणे अनेक

‘खालून खडखड येते’ एवढे सांगून गॅरेजमध्ये गाडी सोडली, तर शॉकअपची जोडी बदलून मिळेल आणि खडखड तशीच राहील, असे होऊ शकते. कारण खडखडीचे गुन्हेगार अनेक. छोट्या खड्ड्यांवर सुकी ‘टकटक’ होत असेल तर बहुधा लिंक रॉड सैल झालेला असतो. तो स्ट्रटच्या मानाने पुष्कळ स्वस्त. ब्रेक दाबताना किंवा गाडी रिव्हर्स घेताना एकच ‘धप्प’ झाले तर लोअर आर्मच्या बुशांकडे पाहावे. वळताना पुढच्या चाकातून ‘कटकट’ आली तर ॲक्सलचा सांधा झिजलेला असू शकतो. ठरावीक वेगालाच स्टिअरिंग थरथरत असेल तर व्हील बॅलन्सिंग आधी करावे.

म्हणून आवाज कधी येतो, हे टिपून ठेवणे महत्त्वाचे. मोठ्या खड्ड्यावर की छोट्या? वळताना की सरळ जाताना? ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर? गाडी रिकामी असताना की भरलेली असताना? डॉक्टरकडे गेल्यावर ‘दुखतंय’ एवढेच सांगून चालत नाही. कुठे, कधी, किती हे सांगावे लागते. इथेही तसेच. शक्य असल्यास मेकॅनिकला शेजारी बसवून तोच आवाज प्रत्यक्ष ऐकवावा आणि मगच कामाला सुरुवात करू द्यावी.

आणखी एक समजूत दूर करायला हवी. बसलेल्या गाडीची उंची वाढवण्यासाठी स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर मिळतात. त्याने गाडी थोडी वर उचललेली दिसते. पण थकलेला शॉकअप त्याने बरा होत नाही. गुडघा दुखतो म्हणून उंच टाचेची चप्पल घालण्यासारखाच हा प्रकार!

काशीतच लक्षात आले तर?

समजा, नागपूरहून निघालेले एखादे कुटुंब जबलपूर, रेवा, मिर्झापूर करीत काशीला पोहोचले. दर्शन झाले, घाट झाले. तिसऱ्या दिवशी सामान भरताना लक्षात आले, की पुढच्या चाकामागे तेल ओघळले आहे. आता काय करायचे? परक्या गावात काम करून घ्यायचे, की घरी जाऊन ओळखीच्या मेकॅनिकला दाखवायचे?

निर्णय घाबरून घेऊ नये, आणि अंगावर काढूनही घेऊ नये. पुढीलपैकी काहीही दिसले तर गाडी पुढे नेऊ नका. तुटलेली स्प्रिंग, कारण तिचे तीक्ष्ण टोक टायर कापू शकते. टायरच्या बाजूला आलेला फुगा किंवा उघडे पडलेले धागे. फाटून वर आलेले माउंटिंग. उघड्या डोळ्यांना तिरके दिसणारे चाक. हलवून पाहिल्यावर डुगडुगणारा बॉल जॉइंट. आणि अर्थातच ब्रेक ऑइलची गळती. अशा वेळी गाडी ओढून नेण्याचा खर्च हा सर्वांत स्वस्त खर्च समजावा.

यातले काही नसेल, शॉकअप नुसता ओलसर असेल किंवा गाडी थोडी जास्त डोलत असेल, तर सावधपणे पुढे जाता येते. पण काही पथ्ये पाळून. वेग ताशी ६० च्या आत. प्रवास दिवसाउजेडी. हिवाळ्यात गंगेच्या मैदानात पहाटे दाट धुके असते, तेव्हा तर निघूच नये. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर. टपावर सामान नाही. आणि वाटेतल्या पहिल्या मोठ्या शहरात, जिथे तुमच्या गाडीच्या कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर असेल तिथे, तपासणी.

तेल खालपर्यंत ओघळत असेल आणि गाडी मोकळी उसळत असेल, तर एक दिवस मुक्काम वाढवून काशीतच काम करून घेतलेले बरे. वाराणसी मोठे शहर आहे, तिथे बहुतेक गाड्यांचे भाग मिळतात. पुढच्या दोन्ही बाजूंचे काम आणि त्यानंतरचे अलाइनमेंट मिळून साधारण अर्धा दिवस जातो. तेवढ्यात मंडळींना सारनाथ दाखवून आणता येते.

बदलायचे तर जोडीने

एकच शॉकअप गळतो आहे, मग एकच बदलला तर? दिसायला बचत, प्रत्यक्षात नुकसान. एका बाजूला नवा कडक आणि दुसऱ्या बाजूला जुना सैल, अशी गाडी ब्रेक दाबल्यावर आणि वळणावर दोन्ही बाजूंना सारखी वागत नाही. म्हणून पुढचे दोन किंवा मागचे दोन असे जोडीनेच बदलावेत. चारही एकदम बदलण्याची गरज असतेच असे नाही. मागचे चांगले असतील तर ‘सगळेच घालून टाकू’ या सल्ल्याला नम्रपणे नकार द्यावा.

काम कसे चालते हे माहीत असले तर समोर उभे राहून पाहता येते. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना अडथळे लावतात. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करतात. मग गाडी जॅकने उचलून तिच्याखाली भक्कम स्टँड देतात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी जाऊ नये, आणि जाऊ देऊही नये. चाक काढल्यावर स्ट्रटला अडकवलेला ब्रेकचा पाइप, एबीएसची वायर आणि लिंक रॉड सोडवतात. खालचे दोन बोल्ट काढण्यापूर्वी त्यांच्या जागेवर खूण करतात, म्हणजे चाकाचा कल फार बदलत नाही. ब्रेकचा भार त्याच्या रबरी पाइपवर लोंबकळू नये म्हणून तो तारेने बांधून ठेवतात. शेवटी बॉनेटखालचे माउंटिंगचे नट काढले की अख्खा स्ट्रट बाहेर येतो.

इथे सर्वांत मोठा धोका आहे. स्ट्रटच्या डोक्यावर मधोमध एक मोठा नट असतो. त्याच्याखाली स्प्रिंग प्रचंड जोराने दाबून धरलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर नावाच्या अवजाराने ती आधी आवळल्याशिवाय तो नट सोडला, तर स्प्रिंग आणि माउंटिंग बंदुकीच्या गोळीसारखी उडतात. हौसेने घरी पाने घेऊन बसणाऱ्यांनी हे काम करू नये. गॅरेजमध्येही कॉम्प्रेसर धड अवस्थेत आहे का, हे पाहावे. दोरी बांधून, तार गुंडाळून काम उरकणाऱ्याकडून गाडी परत घ्यावी. स्वतःच्या जिवासाठी नव्हे, तर त्या गॅरेजातल्या पोराच्या जिवासाठी. अशा ठिकाणी समोर बसून स्प्रिंग धरायला बहुधा सर्वांत लहान पोरगाच असतो.

स्प्रिंग सुटल्यावर वरचे माउंटिंग, बेअरिंग, रबरी बंप स्टॉप आणि धुळीपासून वाचवणारे डस्ट कव्हर पाहावे. हे भाग शॉकअपच्या मानाने स्वस्त असतात. ते जुनेच ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा तीच मजुरी देण्यापेक्षा त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे. नव्या शॉकअपची चकचकीत दांडी पकडीने धरू देऊ नका. तिच्यावर पडलेला एक ओरखडा नवे सील कापून टाकतो. स्प्रिंगचे टोक तिच्या खाचेत नीट बसले पाहिजे. सर्व नट-बोल्ट कंपनीने ठरवलेल्या ताणाने, टॉर्क पान्याने आवळले पाहिजेत. ‘हाताचा अंदाज आहे, साहेब’ हे उत्तर इथे चालत नाही.

काम झाल्यावर अलाइनमेंट करणे सक्तीचे समजा. ते टाळले तर नवा शॉकअप जुन्या टायरला काही हजार किलोमीटरमध्येच संपवतो. गाडी हलवण्याआधी ब्रेकचे पेडल दोन-तीनदा दाबून पाहा, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा एकदा आवळून घ्या.

गॅरेजमध्ये एवढे विचारा

कोणता भाग, कोणत्या कंपनीचा, नवा की ‘रिकंडिशन’? जुना शॉकअप तेल भरून, काळा रंग मारून स्वस्तात विकला जातो. तो दिसतो नव्यासारखा, टिकतो मात्र थोडेच दिवस. सीलबंद खोका समोर उघडायला सांगा आणि त्यावरचा क्रमांक तुमच्या मॉडेलचा आहे का ते ताडून पाहा.

एकूण खर्च किती? भाग, मजुरी आणि अलाइनमेंट यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. काम सुरू झाल्यावर नवा दोष सापडला, तर विचारल्याशिवाय हात लावू नये, असे आधीच सांगा.

जुने भाग परत मिळतील का? ते मागून घ्या. जुन्या शॉकअपची दांडी हाताने दाबून पाहा. ती विरोध न करता सरळ आत गेली, तर बदलणे योग्यच होते याची खात्री पटते.

पक्के बिल आणि हमी किती दिवसांची? बिलावर गाडीचे किलोमीटर लिहून घ्यायला विसरू नका.

परतीचे ओझे

चांगल्या शॉकअपचे आयुष्य शेवटी चालवणाऱ्याच्या हातात असते. काशीहून परतताना गंगाजलाचे वीस लिटरचे दोन कॅन घेतले, की चाळीस किलो वजन वाढले. त्यात पितळी भांडी, शालू, शेजाऱ्यांसाठी पेढे. पाच मोठी माणसे म्हणजे साडेतीनशे किलो आधीच गाडीत बसलेली. प्रत्येक गाडीची वजनाची मर्यादा तिच्या पुस्तिकेत दिलेली असते. पूर्ण भरलेल्या गाडीला टायरमध्ये किती हवा हवी, ते दाराच्या आतल्या बाजूच्या पट्टीवर लिहिलेले असते. ती वाचायला एक मिनिटही लागत नाही. गंगाजल छोट्या बाटलीत आणले तरी त्याचे पुण्य कमी होत नाही!

खड्डा दिसला तर ब्रेक खड्ड्याच्या आधी दाबा आणि चाक त्यात उतरताना सोडून द्या. ब्रेक दाबलेला असताना गाडीचे नाक आधीच खाली गेलेले असते, स्प्रिंगला दबायला जागा उरत नाही आणि धक्का थेट माउंटिंगवर जातो. गतिरोधक तिरका घेऊ नका. एक चाक आधी आणि दुसरे नंतर चढले की गाडी पिळवटते. आणि लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी, आदल्या दिवशी नव्हे तर पंधरा दिवस आधी, वरच्या सहा परीक्षा घ्या. दोष निघालाच तर काम आपल्या गावात, ओळखीच्या माणसाकडून, सवडीने होते.

एवढे करूनही एखाद्या प्रवासात मागच्या सीटवरून “अहो, काहीतरी वाजतंय” असे ऐकू आले, तर रस्त्याला दोष देऊ नका आणि गाण्याचा आवाजही वाढवू नका. गाडी सावकाश कडेला घ्या, खाली उतरा आणि चाकामागे वाकून पाहा. मागे बसलेल्या माणसाला त्या आवाजाची सवय झालेली नसते. म्हणूनच त्याचे कान खरे सांगतात.